मुकी झालेली चिप पुन्हा बोलती कशी करावी?

आज एका लहानशा वस्तूविषयी बोलायचे आहे. वस्तू बोटाएवढी, काळ्या रंगाची, दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय असलेली. गोमेसारखी दिसते म्हणा ना! तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, आणि बोलीभाषेत आपण तिला नुसते ‘चिप’ म्हणू. शाळांच्या प्रयोगशाळांतून आता ही वस्तू पुष्कळ ठिकाणी पोहोचली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ ही योजना निघाली, तेव्हापासून तर खेड्यापाड्यांतल्या कित्येक मुलांच्या हाती ती आली. मुले तिच्या साहाय्याने दिवे लावतात, मातीतला ओलावा मोजतात, पाण्याच्या टाकीवर पहारा ठेवतात.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. नववीतल्या मुलांनी शाळेची घंटा आपोआप वाजवणारे यंत्र करायला घेतले आहे. आठ दिवस खपून सगळे जमत आले आहे. आणि एक दिवस एका मुलाने संगणकावर चिपची एक मांडणी बदलली मात्र, चिप गप्प! दिवा लागेना, घंटा वाजेना. नवा प्रोग्रॅम भरायला जावे तर संगणक म्हणतो, चिप सापडतच नाही. मुलाचा चेहरा उतरतो. बाकीची मुले म्हणतात, “यानंच जाळली!” गुरुजीही दोनचार वेळा खटपट करतात, आणि चिप कचऱ्याच्या डब्यात जाते. तालुक्याच्या गावी ती मिळत नाही. शहरातून मागवायची म्हणजे आठवडा गेला, आणि मुलाचा हुरूप गेला तो वेगळाच.

वाचकहो, अशा वेळी ती चिप बहुधा मेलेली नसते. ती वाट पाहत उभी असते. कशाची वाट पाहते, ते कळले तर अर्ध्या तासात ती पुन्हा बोलू लागते. ते कसे, हे आज पाहू.

पहिल्याने एक गोष्ट समजून घ्या. चिपला काम करायला वीज तर लागतेच, पण तालही लागतो. आपल्याकडचे लेझीमचे पथक आठवा. पोरे रांगेत उभी आहेत, अंगात जोर आहे, हातात लेझीम आहे. पण हलगीवर थाप पडल्याशिवाय पाऊल उचलत नाही. थाप पडली की एक पाऊल, दुसरी पडली की दुसरे. चिपचेही तसेच. विजेच्या ठोक्याबरोबर ती एकेक पाऊल टाकते. या ठोक्यांना ‘क्लॉक’ म्हणतात. घड्याळाशी नावाचा संबंध असला तरी वेळ सांगणे हे त्याचे काम नव्हे. त्याचे काम ताल देण्याचे. सेकंदाला दहा लाख ठोके पडले तर त्याला एक मेगाहर्ट्झ म्हणतात. म्हणजे सोळा मेगाहर्ट्झवर चालणारी चिप एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके घेते.

हा ताल कुठून येतो? शाळांतून जी चिप अधिक दिसते, तिचे नाव ‘एटीमेगा ३२८ पी’. ‘अर्डुइनो उनो’ या निळ्या बोर्डाच्या जुन्या आवृत्त्यांवर हीच असते. तिच्या घराण्याला ‘एव्हीआर’ म्हणतात. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम येथे शिकत असलेल्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. पुढे ‘अ‍ॅटमेल’ कंपनीने ती बाजारात आणली, आणि २०१६ साली ‘मायक्रोचिप’ने ती कंपनीच विकत घेतली. विद्यार्थ्यांच्या खटपटीतून निघालेली वस्तू आज विद्यार्थ्यांच्याच हाती खेळते आहे.

या चिपला ताल घेण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, तिची स्वतःची हलगी. चिपच्या पोटातच ठोके देणारी सोय आहे. ती सेकंदाला ८० लाख, म्हणजे आठ मेगाहर्ट्झ ठोके देते. दुसरी एक संथ हलगीही पोटात आहे, ती सेकंदाला १ लाख २८ हजार ठोक्यांची. दुसरा मार्ग म्हणजे स्फटिक, ज्याला दुकानात ‘क्रिस्टल’ म्हणून मागतात. हा चकचकीत डबीसारखा असतो आणि त्याला दोन पाय असतात. तो स्वतः होऊन ठोके देत नाही. पाळण्याला हलका झोका द्यावा आणि त्याने आपल्याच ठरलेल्या गतीने झुलावे, तसा तो झुलतो. झोका द्यायचे काम चिप करते. तिसरा मार्ग, बाहेरची हलगी. म्हणजे चिपने काही करायचे नाही, बाहेरून कोणी तयार ठोके पाठवील ते घ्यायचे.

या तिन्हींपैकी कोणता मार्ग धरायचा, हे चिपच्या आत एका छोट्या पाटीवर लिहून ठेवलेले असते. त्या पाटीवरील खुणांना ‘फ्यूज’ म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. घरातला फ्यूज उडाला की तार वितळते, नवी घालावी लागते. इथे तसे काही जळत वा वितळत नाही. ही पाटी पुसून पुन्हा लिहिता येते. पण एक लक्षात ठेवा. चिपमधला प्रोग्रॅम पुसला तरी ही पाटी आपोआप पुसली जात नाही. म्हणून प्रोग्रॅम कितीदाही बदला, पाटीवरची चूक तशीच राहते.

आता खरी अडचण पाहू. पाटीवर चुकून लिहिले गेले, “बाहेरची हलगी वाजेल तेव्हाच पाऊल उचल.” आणि बाहेर तर हलगीवाला कोणीच नाही! पथक उभे ते उभेच. तुम्ही म्हणाल, मग हुकूम बदला म्हणजे झाले. पण गंमत तिथेच आहे. चिपला नवा हुकूम ऐकायलाही ताल लागतो. चार तारांनी आपण जो निरोप आत पाठवतो, तो ती ठोक्याठोक्याला एकेक अक्षर करून घेते. ठोकाच नाही तर ऐकणार कशी? घराची किल्ली घरात राहिली आणि दार ओढले गेले, अशी ही स्थिती. चूक दुरुस्त करायचे साधन चुकीच्याच पलीकडे पडले आहे.

मग उपाय काय? उपाय सरळ आहे. पाटीवर ज्या हलगीची वाट पाहायला सांगितले आहे, ती हलगी आपणच थोडा वेळ वाजवायची. पथक हलले की नवा हुकूम ऐकवायचा, आणि मग आपली हलगी बंद करायची. सगळ्या खटपटीचे सार एवढेच.

आता ही चूक होते तरी कशी, ते पाहा. पाटीवर तालासंबंधीच्या आठ खुणा असतात. प्रत्येक खूण शून्य किंवा एक. आठ खुणा लिहिणे लांबलचक, म्हणून चार-चार खुणांना एकेक चिन्ह देतात. ००१० ला २ म्हणतात, १११० ला ‘ई’ म्हणतात, ११११ ला ‘एफ’ म्हणतात. ‘ई२’ लिहिले म्हणजे १११० ००१०. याचा अर्थ, स्वतःची आठ मेगाहर्ट्झची हलगी घे. आणि ‘ई०’ लिहिले म्हणजे १११० ००००. याचा अर्थ, बाहेरची हलगी घे. दोहोंत फरक किती? एका खुणेचा! नारायणराव पेशव्यांच्या गोष्टीत ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका आपण ऐकत आलो. ‘ध’चा ‘मा’ तो हाच. एक अक्षर बदलले आणि अर्थ पार फिरला. फरक इतकाच, की १७७३ साली शनिवारवाड्यात जे झाले ते परत फिरवता आले नाही. इथे फिरवता येते.

चूक होण्याला आणखी एक कारण आहे. या पाटीवर शून्याचा अर्थ ‘लावले’ आणि एकचा अर्थ ‘लावले नाही’ असा आहे. आपल्या सवयीच्या बरोबर उलट. त्यामुळे चांगली जाणती माणसेही इथे फसतात, मग पोराचे काय घेऊन बसलात?

आणि तिसरे कारण शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. अर्डुइनोच्या संगणकातील प्रोग्रॅममध्ये ‘बर्न बूटलोडर’ अशी एक आज्ञा आहे. नेहमीसारखा प्रोग्रॅम भरताना फ्यूजची पाटी बदलत नाही. पण ही आज्ञा दिली की बदलते. सुटी चिप ब्रेडबोर्डावर लावलेली आहे, तिच्याजवळ स्फटिक नाही, आणि यादीत बोर्डाचे नाव ‘उनो’ निवडले. झाले! पाटीवर लिहिले जाते, “सोळा मेगाहर्ट्झचा स्फटिक घे.” त्या क्षणापासून चिप स्फटिकाची वाट पाहत बसते. मुलाने काही वेडेवाकडे केलेले नसते, यादीतले एक नाव निवडलेले असते इतकेच.

आता दुरुस्तीकडे वळू. एकदम मोठ्या उपायाला हात घालायचा नाही. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे पायरीपायरीने जायचे.

पहिली पायरी, तारा तपासा. चिप मुकी झाली असे वाटते, आणि निघते काय, तर एक तार सैल! चिपच्या अंगावर एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर धरून डाव्या बाजूने मोजत खाली जा, म्हणजे १ ते १४. उजव्या बाजूने खालून वर या, म्हणजे १५ ते २८. पाय ७ आणि २० यांना धन वीज हवी. पाय ८ आणि २२ यांना ऋण, म्हणजे ‘ग्राउंड’. निरोपाच्या तारा पाय १७, १८ आणि १९ वर, आणि ‘रीसेट’ची तार पाय १ वर. दुसरी चांगली चिप असेल तर तिथेच लावून पाहा. ती बोलली, तर तारा ठीक आहेत आणि दोष पहिल्या चिपचा आहे. बोटाने चिपला हळूच स्पर्शही करून पाहा. चटका बसण्याइतकी तापत असेल तर ताबडतोब वीज काढा. एकतर ती उलटी बसली आहे किंवा आतून खरोखरच बिघडली आहे, आणि अशी बिघडलेली चिप या उपायांनी बरी होत नाही.

निरोप पाठवण्यासाठी ‘प्रोग्रॅमर’ नावाचे छोटे यंत्र मिळते. ते नसले तरी अडत नाही. दुसरा अर्डुइनो उनो बोर्ड असेल, तर त्यात ‘अर्डुइनो आयएसपी’ हा तयार प्रोग्रॅम भरला की तोच प्रोग्रॅमर होतो. त्या बोर्डाच्या १० क्रमांकाच्या जागेवरून तार चिपच्या पाय १ ला, ११ वरून पाय १७ ला, १२ वरून पाय १८ ला, आणि १३ वरून पाय १९ ला. हा प्रोग्रॅम भरून झाल्यावर बोर्डाच्या रीसेट आणि ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, नाहीतर बोर्ड मध्येच स्वतःच नव्याने सुरू होतो. कपॅसिटरचे ऋण टोक ग्राउंडला, हे विसरू नका.

दुसरी पायरी, हळू बोला. कधी कधी चिप मुकी नसते, संथ असते. पाटीवर तिला संथ हलगी घ्यायला सांगितलेले असते, आणि आपण मात्र भरभर बोलत असतो. म्हाताऱ्या माणसाशी घाईने बोलावे आणि त्याला काही कळू नये, तसे होते. नियम असा, की निरोपाची गती चिपच्या तालाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावी. चिप सेकंदाला १ लाख २८ हजार ठोक्यांवर असेल, तर निरोप ३२ हजारांच्या खाली हवा. त्यात आणखी ‘आठाने भागा’ ही खूण लावलेली असेल, तर चिपचा ताल उरतो १६ हजार, आणि निरोप ४ हजारांच्याही खाली आणावा लागतो. ‘एव्हीआरड्यूड’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये एका ठोक्याला किती मायक्रोसेकंद द्यायचे, ते सांगता येते. तिथे ५०० लिहा, म्हणजे गती सेकंदाला २ हजार ठोके होईल. या उपायाला नवे सामान काहीच लागत नाही. म्हणून तो आधी करून पाहावा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होते.

तिसरी पायरी, स्फटिक लावा. चिप हळू बोलूनही ऐकत नसेल, तर ती बहुधा स्फटिकाची वाट पाहते आहे. सोळा मेगाहर्ट्झचा स्फटिक घ्या. त्याचा एक पाय चिपच्या पाय ९ ला, दुसरा पाय १० ला. दोन्हीकडून २२ पिकोफॅरडचा एकेक छोटा कपॅसिटर ग्राउंडला. तारा आखूड ठेवा, लांब तारांवर स्फटिक नीट झुलत नाही. हे सामान जवळ नसेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. ज्या उनो बोर्डावर चिप खोबणीत बसवलेली असते, त्याची चिप अलगद उपसून काढा आणि त्या खोबणीत ही मुकी चिप बसवा. त्या बोर्डावर सोळा मेगाहर्ट्झला झुलणारा रेझोनेटर असतोच. मग बोर्डावरच्या सहा काड्यांच्या जोडणीतून निरोप पाठवा. मात्र चिप उपसताना घाई नको. दोन्ही टोकांखाली पातळ पट्टी घालून थोडी थोडी उचला, पाय वाकता कामा नयेत.

चौथी पायरी, बाहेरून हलगी वाजवा. पाटीवर ‘ई०’ लिहिले गेले असेल, तर स्फटिक लावून उपयोग होणार नाही, कारण चिप त्याला झोकाच देत नाही. तिला तयार ठोके हवेत. ते कुठून आणायचे? आणखी एका अर्डुइनो बोर्डावरून. त्या बोर्डाचा स्वतःचा ताल सोळा मेगाहर्ट्झ. त्याच्या आत ‘टायमर’ नावाचा मोजणारा असतो. त्या ‘टायमर १’ला सांगायचे, की आठ ठोके मोज आणि ९ क्रमांकाच्या जागेवरची वीज उलटी कर. आहे ती बंद, नाही ती सुरू. पुन्हा आठ मोज, पुन्हा उलटी कर. सोळा ठोक्यांत एक पूर्ण फेरी झाली. म्हणजे बाहेर मिळाला बरोबर एक मेगाहर्ट्झचा ताल. ती तार मुक्या चिपच्या पाय ९ ला लावा. पाय १० मोकळा ठेवा. बोर्डावरचा क्रमांक ९ आणि चिपचा पाय ९ हे दोन वेगळे. योगायोगाने आकडा एकच आला, घोटाळा करू नका. आणि सर्व बोर्डांचे व चिपचे ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका, नाहीतर हलगी वाजूनही चिपपर्यंत पोहोचणार नाही. ज्या चिपला स्फटिक हवा असतो, तीही बहुतेक वेळा या बाहेरच्या ठोक्यावर चालते. म्हणून नेमकी कोणती चूक झाली हे कळत नसेल, तेव्हा हा उपाय मोलाचा.

आता निरोप पाठवा. ताल एक मेगाहर्ट्झ आहे, तेव्हा निरोपाची गती अडीच लाखांच्या बरीच खाली ठेवा. चिपला पहिला प्रश्न विचारा तो तिच्या नावाचा. प्रत्येक जातीच्या चिपमध्ये तिची सही लिहिलेली असते. एटीमेगा ३२८ पीची सही आहे १ई, ९५, ०एफ. मुकी असताना या जागी नुसती शून्ये दिसत होती किंवा काहीतरी वेडेवाकडे दिसत होते. आता सही बरोबर उमटली, की समजावे, पथकाने पाऊल उचलले! वर्गात हा क्षण मुलांना अवश्य दाखवा. तो आनंद सांगून कळायचा नाही. नावात ‘पी’ नसलेल्या एटीमेगा ३२८ची सही मात्र १ई, ९५, १४ अशी असते. दोन्ही चिपा दिसायला सारख्या, म्हणून चिपेवरचे नाव भिंगाने वाचून घ्यावे.

सही मिळाली, आता पाटी दुरुस्त करा. तालाच्या त्या आठ खुणांच्या जागी ‘६२’ लिहा. कारखान्यातून चिप निघते तेव्हा तिच्यावर हेच लिहिलेले असते. ६२ म्हणजे ०११० ००१०. स्वतःची आठ मेगाहर्ट्झची हलगी घे आणि आठाने भाग, म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ही चिपची माहेरची स्थिती म्हणा. कोणत्याही स्फटिकाशिवाय ती इथे सुखाने चालते. नवी खूण लगेच लागू होत नाही. निरोपाचे काम संपवून चिप बाहेर पडली, की लागू होते. म्हणून काम संपल्यावर वीज काढा, बाहेरच्या हलगीची तार सोडवा, पुन्हा वीज द्या, आणि सही व पाटी पुन्हा वाचून पाहा. आता चिप स्वतःच्या पायावर उभी आहे.

एवढे करूनही चिप बोलली नाही तर? तर कदाचित तालाची चूक नसून ‘रीसेट’च्या पायाची चूक झाली असेल. रीसेट बंद करणारी एक खूण दुसऱ्या पाटीवर असते. ती लावली गेली की निरोपाचे दारच बंद होते. तिथे रीसेटच्या पायाला १२ व्होल्ट देऊन उघडण्याची रीत आहे. अठ्ठावीस पायांच्या चिपला त्यासाठी पुष्कळ तारा जोडाव्या लागतात. आठ पायांच्या ‘एटीटायनी ८५’ला थोड्या पुरतात. या रीतीत ठोकेही प्रोग्रॅमरच पुरवतो, त्यामुळे तालाची कोणतीही चूक आड येत नाही. पण हे १२ व्होल्ट दुसऱ्या कोणत्याही पायाला लागले तर चिप खरोखरच जाते. म्हणून हे काम मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांनी स्वतः, वायरिंग दोनदा तपासून, मगच करावे.

कधी कधी चुकीचा ताल चिपला मुकी करत नाही, पण वेडी करते. दिवा एका सेकंदाला उघडमीट करायला सांगितला, आणि तो सोळा सेकंदांनी करतो. किंवा संगणकाच्या पडद्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. मुले प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. अशा वेळी हिशेब करा. प्रोग्रॅम लिहिताना चिप सोळा मेगाहर्ट्झवर आहे असे धरले, आणि चिप प्रत्यक्षात एकावर चालली, तर सोळापट उशीर होणारच. उशीर किती पट झाला ते घड्याळ लावून मोजा, म्हणजे चिप कोणत्या तालावर आहे ते तिनेच तुम्हाला सांगितले! आठवीच्या मुलाला त्रैराशिक शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता चार शब्द खबरदारीचे. पाटी बदलण्याआधी ती वाचून वहीत उतरून ठेवा. जुना आकडा हाती असला की परतीची वाट मोकळी राहते. नवा आकडा मनाने लिहू नका. फ्यूजचे आकडे काढून देणारी गणकयंत्रे संगणकावर मिळतात, त्यांवरून काढा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. स्फटिकाची खूण लिहायची असेल, तर आधी स्फटिक जोडा, मग खूण लिहा. एका वेळी एकच पाटी बदला. ‘रीसेट’ची खूण असलेल्या पाटीला उगाच हात लावू नका. आणि हेही ध्यानात असू द्या, की येथे सांगितलेले पायांचे क्रमांक अठ्ठावीस पायांच्या लांबट चिपचे आहेत. चौकोनी, चिकटवलेल्या चिपचे क्रमांक वेगळे असतात. २०२३ साली आलेल्या ‘उनो आर ४’ बोर्डावर तर चिपच दुसऱ्या जातीची आहे, तिला हे काहीच लागू नाही.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. चिप मुकी झाली की वर्गात पहिला प्रश्न “कोणी बिघडवली?” असा विचारू नका. “ही आता कशाची वाट पाहत असेल?” असा विचारा. पहिल्या प्रश्नाने एक मूल मान खाली घालते, आणि पुन्हा यंत्राला हात लावायला कचरते. दुसऱ्या प्रश्नाने सगळा वर्ग विचार करू लागतो. ज्याच्या हातून चूक झाली, त्यालाच हलगीची तार जोडायला सांगा. सही पडद्यावर उमटेल, तेव्हा त्याचा चेहरा पाहा. ‘ध’चा ‘मा’ कसा होतो हे त्याला कळलेलेच असते. ‘मा’चा पुन्हा ‘ध’ कसा करावा, हेही त्या दिवशी त्याला कळेल. चिपची किंमत फार तर काही शे रुपयांची, हे शिक्षण मात्र त्याला जन्मभर पुरेल.

आणि मग घंटेचे ते यंत्र पुरे करा. ते वेळेवर वाजू लागले, की समजा, पथक तालावर आले.